ती ओळ तिथं का आहे?

२०१८ चा जानेवारी, सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा चालू होती, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरलेला, आणि मी दोन दिवस सुट्टी घेऊन घरच्यांसोबत फिरत होतो. तेवढ्यात एका चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "ओ सर, टॉवेलवर बारा टक्के कसं काय लागायलंय परत? माल घेणारा बिल परत पाठवायलाय."

परत. तो शब्द ऐकूनच पोटात गोळा आला, कारण ही चूक मी आठवड्याभरापूर्वीच दुरुस्त केली होती.

तेव्हाचा नियम असा होता की अशा तयार मालाला नगाचा भाव १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर गेला तर १२. आमचं बिलिंग सॉफ्टवेअर नगाच्या भावाऐवजी बिलातल्या त्या ओळीची एकूण रक्कम बघत होतं, म्हणजे ९० रुपयांचा टॉवेल दोन डझन घेतला की झालं, १००० पार, १२ टक्के. मी ते नीट केलं, तपासलं, व्यापाऱ्याकडे बसवूनही आलो. पण त्याच फाईलमध्ये माझा सहकारी बिलाच्या प्रिंटचा फॉरमॅट बदलत होता, आणि त्याच्याकडची कॉपी माझ्या दुरुस्तीच्या आधीची होती. त्यानं त्याचं काम अगदी चोख केलं, झिप केली, नेऊन बसवली, आणि माझं काम पुसलं गेलं. त्याला कळलं नाही, मला कळलं नाही, कॉम्प्युटरनंही काही विचारलं नाही.

त्या रात्री विजापूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही दोघं दोन फोल्डर शेजारी शेजारी उघडून ओळ न् ओळ डोळ्यांनी ताडून बघत बसलो. पेन ड्राईव्हवर एक कोड, व्हॉट्सअॅपवर दुसरा, माझ्या लॅपटॉपवर तिसरा, आणि प्रत्येकाचं नाव फायनल. चूक त्याची नव्हती, माझीही नव्हती असं मला आजही वाटतं. चौघं जण एकाच कोडवर काम करत होते आणि कोणाचा बदल कधी आला, कशावर आला, हे सांगणारं मध्ये काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही गिट चालू केलं, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कोणी आणि कधी केला याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर.

अशी नोंद ठेवण्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात, आणि बरेच जण म्हणतात ते म्हणजे बॅकअप. बॅकअप तर पेन ड्राईव्हपण होता की! आमच्या दोघांचे बदल एकाच फाईलमध्ये पण वेगवेगळ्या जागी होते, गिटनं ते मर्ज करताना, म्हणजे दोघांचं काम जोडताना, आपोआप एकत्र केले असते, आणि दोघांनी तीच ओळ बदलली असती तर कॉन्फ्लिक्ट दाखवून तिथंच थांबलं असतं, की बाबांनो आधी ठरवा कोणाचं ठेवायचं. गुपचूप पुसत नाही, मला वाटतं टीमसाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. एकट्या माणसाला काय बदललं ते एखादवेळेस लक्षात राहतं, पण दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे हे चौघांना कसं कळणार?

ही गरज काही आजची नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत १९७२ साली एससीसीएस नावाची अशी सिस्टिम बनली होती. आणि गिट स्वतः अडचणीतूनच जन्मलं, लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम बिटकीपर नावाच्या अशाच टूलवर चालायचं, २००५ मध्ये त्याची फुकट वापरायची सोय बंद झाली, तेव्हा लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिलमध्ये स्वतःच नवीन लिहायला घेतलं. त्यात प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहास असतो, त्यामुळे नेट गेलं तरी कमिट करता येतं, म्हणजे बदल नोंदवता येतो, नेट आलं की पुश करायचं, म्हणजे तो सगळ्यांच्या सामायिक कोडकडे पाठवायचा. आमच्याकडे नेट जातंच, त्यामुळे हे मला फार जवळचं वाटतं.

गिटमधल्या बायसेक्ट या कमांडबद्दल तर मी भेटेल त्याला सांगतो. मागच्या महिन्यात चालणारी गोष्ट आज चालत नाही आणि मध्ये १००० कमिट झालेत असं समजा, तर गिट मधला कमिट काढून देतं, तुम्ही चालतं की नाही एवढं सांगायचं, की ते अर्धे बाजूला टाकतं, परत उरलेल्यातला मधला. साधारण दहा वेळा तपासलं की नेमका कमिट सापडतो. आम्ही ती अख्खी रात्र घालवली होती.

पण प्रत्येक कमिटसोबत जो मेसेज द्यायचा असतो तो नीट लिहा हो. "फिक्स", "बदल केले" असं लिहून काय उपयोग, काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते लिहा. आणि पासवर्ड कमिट करू नका, नंतर फाईल काढून टाकली तरी जुन्या इतिहासात तो राहतोच, चुकून गेलाच असेल तर आधी पासवर्ड बदला.

"आम्ही तिघंच आहोत, कशाला एवढं" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, तिघांपैकी एक जण सोडून गेला तर? आमचा तो सहकारी पुढं पुण्याला गेला. त्यानं गिटच्या आधी लिहिलेलं एक फंक्शन आहे, डझनाचा भाव नगावर आणताना मध्येच एक वेगळी अट येते. तिला हात लावायची कोणाची हिंमत होत नव्हती. ब्लेम मारून, म्हणजे कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड चालवून, बघितलं तर त्या सगळ्या ओळींवर माझंच नाव आणि एकच मेसेज, "पहिला कमिट, सगळा कोड". त्याच्या आधीचं काहीच नाही.

शेवटी मागच्या महिन्यात त्याला फोन लावला. त्याला दोन मिनिटं आठवेना, मग म्हणाला, "अरे, तो एक व्यापारी नव्हता का, डझनाचा भाव सांगायचा पण डागी नग बाजूला काढून अकराचेच पैसे घ्यायचा, त्याच्यासाठी केलं होतं ते." मी फोन चालू असतानाच त्या ओळीवर कॉमेंट टाकली, आणि तो जे बोलला ते जसंच्या तसं मेसेजमध्ये लिहून कमिट केलं.