खोलीत आडनाव आधी पोचतं

सुट्टीसाठी मुंबईत, नायगावला घरी आलेय. इंग्लंडात समुपदेशन शिकते म्हटल्यावर इथे प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे लोकांना सल्ला द्यायचा ना?" सल्ला द्यायचा नसतो. समोरच्याला त्याचं त्याला उमगेपर्यंत सोबत बसायचं असतं, आणि हे सोबत बसणं शिकायलाच वर्षं लागतात.

लेस्टरला आमच्या वर्गात सगळ्यात महत्त्वाचा तास ट्रायडचा. तिघांचा गट. एक क्लायंट, एक समुपदेशक, तिसरा नुसता बघणारा. क्लायंट झालेल्याने नाटक करायचं नाही, आपल्या आयुष्यातलं खरंखुरं काहीतरी घेऊन बसायचं. मग बघणारा सांगतो की तू इथे घाई केलीस, इथे तिचं बोलणं तोडलंस. याखेरीज प्रत्यक्ष क्लायंटसोबतचे किमान 100 तास भरावे लागतात, तेही सुपरव्हायझरच्या देखरेखीखाली. बीएसीपी या तिथल्या समुपदेशकांच्या संस्थेची ती अट आहे.

या वर्षी 'विविधता आणि समावेशन' हा विषय होता. इंग्लंडात याची सुरुवात कायद्यापासून होते. 2010च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये नऊ गोष्टी दिल्या आहेत, ज्यांवरून कुणाशी भेदभाव करता येत नाही: वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह, गरोदरपण, वंश, धर्म, लिंग आणि लैंगिक कल. या यादीत जातीचा उल्लेख नाही. 2013 साली संसदेने सरकारला सांगितलं की वंशाच्या कलमात जातीचा समावेश करा. 2018 साली सरकारने ते करायचं नाही असं ठरवलं. न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत, असं कारण दिलं. त्याआधी 2014 मध्ये भारतातून नेलेल्या एका घरकामगार बाईच्या खटल्यात अपील न्यायाधिकरणाने म्हटलं होतं की जात काही वेळा वांशिक मुळाच्या व्याख्येत बसू शकते. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने आधी कोर्टात जाऊन आपला अन्याय कुठल्या रकान्यात बसतो ते सिद्ध करायचं. मला हे मान्य नाही, आणि तसं मी निबंधात लिहिलंय.

रकान्यावरून सांगते. तिथे कुठलाही फॉर्म भरा, दवाखान्याचा असो वा लायब्ररीचा, वांशिक ओळख विचारतात. माझी खूण 'एशियन – इंडियन' या चौकटीत. पहिल्या वर्षी खोली शोधत होते तेव्हा एका घरात मराठी मुली राहतात असं कळलं. मी आनंदाने गेले. चहा झाला, मुंबईत कुठे राहतेस झालं, मग आडनाव. माझं आडनाव गावाच्या नावाला 'कर' लागून झालेलं, त्यावरून पटकन जातीचा अंदाज बांधता येत नाही. मग पुढचा प्रश्न आला, अगदी गोड आवाजात: "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?"

इथे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना हा प्रश्न कशासाठी असतो ते माहीत आहे. मी सांगितलं, आमच्याकडे गणपती नसतो, आम्ही बौद्ध. दोन दिवसांनी निरोप आला की खोली दुसऱ्या कुणाला तरी दिली. प्रश्न विचारणारी मुलगी आणि मी, आम्ही दोघी त्या फॉर्मवर एकाच चौकटीत आहोत. समानतेची आकडेमोड करणाऱ्याला आमच्या मधली भिंत दिसणारच नाही.

हा प्रसंग मी ट्रायडमध्ये घेऊन बसले. समुपदेशकाच्या खुर्चीत माझी वर्गमैत्रीण होती, पन्नाशीची, आधी शाळेत शिकवायची, जन्मापासून लेस्टरची. तिला जातीबद्दल जवळपास काहीच माहीत नव्हतं. तिने मधे एकदाच विचारलं, "गणपती किती दिवसांचा, हे सांगताना तू हसलीस. त्यात हसू येण्यासारखं काय होतं?" मला उत्तर देता आलं नाही. तीही थांबली. घाईने दुसरा प्रश्न पुढे केला नाही की पाण्याचा ग्लास सरकवला नाही. लहानपणापासून असे प्रश्न आले की मी हसते, आई हसते, माझा भाऊ हसतो. समोरच्याला अवघडायला नको म्हणून आम्ही हसतो. हे मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं, आणि ते जातीचा एक शब्दही न वाचलेल्या बाईमुळे कळलं.

तरी त्यात एक मोठी उणीव होती. वीस मिनिटांतली पहिली दहा मिनिटं गणपतीचा जातीशी काय संबंध, बौद्ध म्हणजे कोण, 1956 साली नागपूरला काय झालं, हे समजावण्यात गेली. खऱ्या सेशनला पन्नास मिनिटं असतात. दुखणं घेऊन आलेल्या माणसाने आधी शिकवणी घ्यायची, मग स्वतःबद्दल बोलायचं? तिथे 'कल्चरल ह्युमिलिटी' हा विचार शिकवतात. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी 1998 साली तो मांडला: दुसऱ्याची संस्कृती मला पूर्ण कळली असं कधीच धरून चालायचं नाही, आयुष्यभर शिकत राहायचं. विचार मला मनापासून पटतो. पण हे शिकणं समुपदेशकाने आपल्या वेळात, आपल्या खर्चाने करावं, क्लायंटच्या नव्हे. बाबासाहेब लंडनला शिकत असताना ज्या घरात राहिले ते 10, किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं, आज तिथे स्मारक आहे. लेस्टरहून ट्रेनने जाऊन ते बघून येता येतं. मी वर्गाला तसं सुचवलं, आणि पुढच्या सत्रात आम्ही जाणार आहोत.

आता मुंबईबद्दल, कारण सुट्टीभर माझ्या डोक्यात तेच आहे. इथे समुपदेशकाला गणपतीचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. त्याला सगळं माहीत असतं. आडनाव वाचलं की निम्मं कळतं, पत्ता वाचला की उरलेलं. आणि तरी तो म्हणतो, "मी जातपात मानत नाही, माझ्यासाठी सगळे सारखेच." चांगल्या मनाने म्हणतो. पण ज्याला त्याच गोष्टीबद्दल बोलायचं होतं त्याच्यासाठी दार तिथेच बंद होतं. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 साली उपचारासाठी आवश्यक अटी सांगितल्या, त्यांतली एक म्हणजे समोरच्याचा बिनशर्त स्वीकार. माणसाला त्याच्या सगळ्यासकट स्वीकारायचं. जो भाग मला अवघड वाटतो तो दिसतच नाही असं दाखवणं त्यात बसत नाही.

माझी आत्या निवृत्त नर्स आहे. परवा तिच्याशी यावर बोलत होते, तर ती उठली आणि कपाटातून जुना बॅज घेऊन आली. पांढरं प्लास्टिक, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर 'सिस्टर' आणि तिचं पहिलं नाव, बस्स. एका खासगी नर्सिंग होममध्ये लागली तेव्हा बॅज करून देणाऱ्याला तिनेच सांगितलं होतं की आडनाव घालू नका. "का ते कुणी विचारलं नाही?" मी म्हटलं. "कुणीच नाही. मॅडम म्हणाल्या, छान सुटसुटीत दिसतंय." एवढं बोलून ती चहा टाकायला गेली. आत्या कधी समुपदेशकाकडे गेली असती, तर या बॅजबद्दल तिने आपणहून सांगितलं असतं असं मला वाटत नाही. कुणीतरी आधी जागा करून द्यावी लागते.

त्यासाठी अभ्यासक्रमात एक पद्धत शिकवतात, ब्रोचिंग. अमेरिकेत नॉर्मा डे-व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी ती 2007 मध्ये मांडली. वंशाचा, संस्कृतीचा विषय क्लायंटने काढायची वाट बघायची नाही, समुपदेशकाने स्वतः तो खोलीत आणायचा आणि क्लायंटला नको असेल तर सोडून द्यायचा. मी सुट्टीत याची मराठी वाक्यं करून बघतेय. सध्या इथवर आलेय: "घर, समाज, जात, पैसा, कशाहीबद्दल बोलावंसं वाटलं तर इथे बोलता येईल. माझं आडनाव ऐकून किंवा मला बघून तुम्हाला काही वाटलं असेल, तर तेही." दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्लायंटची जात सगळ्यांच्या ध्यानात येते, समुपदेशकालाही जात असते हे कुणी बोलत नाही.

2019च्या मे महिन्यात याच शहरात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. सहकारी डॉक्टरांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि 2016 मध्ये हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला उच्चशिक्षणातला जातिभेद थांबावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अशा घटनेनंतर कॉलेजात समुपदेशक नेमा अशी मागणी होते. जरूर नेमा. पण छळाची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला तो दीर्घ श्वास घ्यायला आणि ताणाचं नियोजन करायला शिकवणार असेल, तर दुखणं तिच्यातच आहे असं तो तिला सांगत असतो. मला याचा संताप येतो.

आपल्याकडे निदान कायदा स्पष्ट आहे. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 18 मध्ये लिंग, लैंगिक कल, धर्म, वर्ग, अपंगत्व यांच्यासोबत जात हा शब्द लिहिलेला आहे. ब्रिटिश कायद्याने जे टाळलं ते आपल्याकडे कागदावर आहे. कामही सुरू आहे. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था इथल्या समुपदेशकांना क्वीअर (समलैंगिक, ट्रान्स वगैरे) क्लायंटसोबत सन्मानाने काम कसं करायचं ते शिकवते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशनाची हेल्पलाइन 2012पासून आहे. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 या नंबरवर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं की समुपदेशक निवडताना काय बघायचं. पहिल्या फोनवर जशी फी आणि वेळ विचारता, तसंच हेही विचारा: "जातीच्या किंवा धर्माच्या अनुभवांबद्दल बोलणाऱ्या लोकांसोबत तुम्ही काम केलंय का? त्याचं प्रशिक्षण घेतलंय का?" पलीकडून "आमच्याकडे तसलं काही नसतं" असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावा. "फारसं केलेलं नाही, पण शिकतोय, तुम्ही सांगाल ते ऐकेन" असं म्हणाले, तर एकदा भेटून बघायला हरकत नाही.