मामांना काय दिसणार?

मामांना घेऊन विजापूरला निघालेय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलंच, "अगं, पण त्यांना तिथे काय दिसणार?" ताजमहालला गेले होते तेव्हा मला लोकांच्या पाठी आणि वर केलेले मोबाईल दिसले होते, ते मात्र कुणी विचारत नाही.

मामांची दृष्टी काचबिंदूने गेली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते टेलिफोन ऑपरेटर होते. सहलीला न्यायचं म्हटलं की नातेवाईक त्यांना बागेत नाहीतर देवळात नेऊन बाकावर बसवतात. ते वैतागतात. "हवा खायला गॅलरी आहे घरी," म्हणतात.

सोलापूरचा मुक्काम आणि तिथली शेंगा चटणी यांबद्दल पुन्हा कधीतरी. सकाळी तिकीट खिडकी उघडली तेव्हाच आम्ही गोलघुमटाला हजर होतो, कारण शाळांच्या सहली आल्या की तिथे थांबण्यात अर्थ नसतो. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले चढायचे. जिना अरुंद, पायऱ्या उंच आणि मध्येच अंधार. मी फोनचा टॉर्च शोधत होते, तोवर भिंतीला हात लावून मामा पुढे निघून गेले. वर एक मार्गदर्शक भेटला. "यांना सांगा, इथे ओरडायचं," तो मला म्हणाला. मामा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. "मला ऐकू येतं हो," मामा म्हणाले.

ते ओरडले नाहीत. त्यांनी एक टिचकी वाजवली आणि मान तिरकी करून बोटांवर प्रतिध्वनी मोजायला लागले. सात म्हणाले, मग म्हणाले नऊ, शेवटची दोन पुसट आहेत. मला पाचाच्या पुढे काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी मला घुमटाच्या आतल्या गोल सज्ज्याच्या पलीकडच्या टोकाला पिटाळलं. भिंतीशी कान नेला तर आधी कागद फाटल्याचा आवाज आला (ते एसटीचं तिकीट होतं), आणि मग अगदी कानाशी, "लाइन क्लिअर आहे, बोला." मधे घुमटाची सगळी पोकळी. १६५६ साली वारलेल्या विजापूरच्या सुलतानाची, मुहम्मद आदिलशहाची कबर त्याच पोकळीच्या तळाशी आहे. आमचं बोलणं बराच वेळ चाललं, बहुतेक आमच्या मामीबद्दल. मग शाळा आली. तीनशे पोरं शिट्ट्या मारायला लागल्यावर मामांनी कान झाकले आणि आम्ही खाली उतरलो. पाटीवर दोन वाक्यं शांततेबद्दलही लिहा की कुणीतरी!

दुपारी मलिक-ए-मैदान तोफ. मला पंचावन्न टनांचं धूड दिसलं, मामांनी ते चाचपलं. तोफेचं तोंड म्हणजे सिंहाचा जबडा आहे. त्यांची बोटं दातांवरून आत गेली आणि थांबली. "आत कुणीतरी चिरडतंय. सोंड आहे. हत्ती!" मी तो फोटोत पाहिलेला, तरी बोट लावेपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ पुढे परांड्याहून इथे आणली. मामांनी अंगठीने हळूच टकटक केलं आणि घंटेसारखा नाद ऐकून पुन्हा केलं. तोफेला कुठे ऊन लागतं आणि कुठे नाही, हेही त्यांनी हाताने तपासलं.

इब्राहिम रोजाला, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या मकबऱ्याला, मात्र ते आत आले नाहीत. "नक्षीकाम तू बघ, मी टांग्यात बसतो." मी परतले तेव्हा टांगेवाल्याच्या दोन मुलींची लग्नं, घोड्याचं वय आणि चाऱ्याचा भाव मामांना तोंडपाठ झाला होता, आणि ठरलेल्या भाड्यातले पन्नास रुपयेही कमी झाले होते.