भुवईतली फट

पासपोर्टच्या फॉर्मवर अंगावरच्या ठळक खुणेचा रकाना आला की लोक कोपर, मान, गाल चाचपून तीळ शोधतात. मला शोधावं लागत नाही. ‘कट मार्क ऑन लेफ्ट आयब्रो’ लिहून मी मोकळी.

माझ्या डाव्या भुवईत गव्हाच्या दाण्याएवढी फट आहे. मी नऊ वर्षांची होते. १५ जानेवारी, वासी उत्तरायण म्हणजे पतंगांच्या सणाचा दुसरा दिवस, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली आमची गच्ची. दादा पेच लढवत होता, मी मागे फिरकी धरून. समोरचा पतंग कापला, ‘काप्यो छे!’ची बोंब उठली, आणि त्याच आनंदात दादाने हिसडा दिलेला मांजा माझ्या कपाळावरून गेला. काचेची पूड चोळलेला दोरा ताणला गेला की पतंग कुठला आणि कातडी कुठली, त्याला कळत नाही. तीन टाके पडले. उंधियू गार झाला. दादाचं पुढे काय झालं ते इथे नको. पण अजूनही दर संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो बोटांना लावायच्या चिकटपट्टीचा रोल माझ्या हातात ठेवतो, काही न बोलता.

(२०१७ साली नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी आली. माझा सुतीच होता, हे मी उगाचच ऐटीत सांगते.)

‘लग्नापर्यंत भरून येईल,’ म्हणत आईने वर्षभर कोरफड चोळली. जखम भरली, भुवई नाही. मी नेमाने लावून घेत नाही म्हणून, असं तिचं ठाम मत. खूप पुढे कळलं की शरीर अशा जागी घाईने तंतू विणून ठिगळ लावतं. त्यात केसांची मुळंही नसतात आणि घामाच्या ग्रंथीही. ताकदसुद्धा मूळ कातडीच्या फार तर ८० टक्के. वाचून वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं. जिथे बीच नाही तिथे पाणी घालत बसलो होतो, एवढंच.

तरी बरीच वर्षं मी फोटोत उजवा गालच पुढे केला. रावपुऱ्यातल्या पार्लरमध्ये (दोऱ्याने कापलेली भुवई दोऱ्यानेच कोरून घ्यायची, ही गंमत वेगळीच) ताई विचारायच्या, ‘बेन, पेन्सिलथी भरी दउं?’ मी मान डोलवायची. मे महिन्यात सूरसागरपर्यंत चालत येईतो ती पेन्सिल घामाबरोबर गालावर उतरलेली असायची.

परवा त्यांनी पेन्सिल उचलली, तेव्हा मी म्हटलं, ‘रेवा दो ने.’ राहू द्या.

त्या क्षणभर थांबल्या. मग माझी हनुवटी उजेडाकडे वळवली, पुन्हा दोरा दातात धरला आणि फटीच्या दोन्ही कडा नीट सरळ करून दिल्या.

दहा रुपये जास्त घेतले.