12 व्होल्टच्या दिव्याचा रोध: आतापर्यंतची मोजणी

वाहनांच्या ब्रेकलाइटमध्ये असतो तसा 12 व्होल्ट, 21 वॅटचा तंतूचा दिवा सध्या मोजणीसाठी घेतला आहे. विभवांतर आणि विद्युतधारा यांच्या वाचनांवरून रोध आणि शक्ती काढायची, एवढेच काम आहे आणि त्यात भागाकार-गुणाकारापलीकडचे गणित नाही. साध्या रेझिस्टरवर ही मोजणी एकदा जमली की पाहण्यासारखे फारसे उरत नाही. दिव्याच्या तंतूचा रोध मात्र तापमानाबरोबर इतका बदलतो की उत्तर कोणत्या विभवांतराला काढले हे सोबत लिहिले नाही, तर त्या उत्तराला काही अर्थच राहत नाही.

एक मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर एकसरीत जोडला आहे. दुसऱ्याचे प्रोब पॉवर सप्लायच्या टर्मिनलवर न लावता थेट दिव्याच्या बुडाशी, धातूच्या टोपणाला आणि तळाच्या टोकाला टेकवले आहेत. या जागेचे महत्त्व आकड्यांतच दिसते. दिव्यावर 12.00 व्होल्ट असताना सप्लायच्या टर्मिनलवर 12.27 व्होल्ट होते आणि धारा 1.80 अँपिअर होती. म्हणजे 0.27 व्होल्ट तारा, क्रोकोडाइल क्लिप आणि अमीटर (धारा मोजणारा पहिला मल्टिमीटर) यांच्यात खर्च झाले. त्यांचा एकत्रित रोध 0.15 ओहम आणि त्यांत उष्णतेच्या रूपाने जाणारी शक्ती जवळपास अर्धा वॅट. टर्मिनलवरचे वाचन धरले असते तर तापलेल्या दिव्याचा रोध 6.67 ऐवजी 6.82 ओहम आला असता, आणि सव्वादोन टक्क्यांचा हा फरक कदाचित कोणाच्या लक्षातही आला नसता. थंड दिव्याच्या बाबतीत हेच 0.15 ओहम उत्तर 30 टक्क्यांनी फुगवतात.

थंड रोध काढणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग ठरला. 0.20 अँपिअर धारेला दिव्यावर 107 मिलिव्होल्ट आले, म्हणजे 0.535 ओहम, धारा 0.05 अँपिअरवर आणून मिलिव्होल्ट रेंजवर पुन्हा मोजले तेव्हा 25.0 मिलिव्होल्ट, म्हणजे 0.50 ओहम. पहिल्या वाचनाच्या वेळी तंतूत फक्त 21 मिलिवॅट जिरत होते, पण त्या बारीक तंतूला काही अंशांनी तापवायला तेवढेही पुरेसे आहेत. त्यामुळे मी 0.50 हाच आकडा थंड रोध मानतो. प्रत्येक वाचनापूर्वी दिवा पूर्ण निवू देणे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

पुढची वाचने अशी आली: 2 व्होल्टला 0.67 अँपिअर, रोध 2.99 ओहम, शक्ती 1.34 वॅट, 6 व्होल्टला 1.23 अँपिअर, 4.88 ओहम, 7.4 वॅट, 12 व्होल्टला 1.80 अँपिअर, 6.67 ओहम, 21.6 वॅट. विभवांतर निम्मे केले की शक्ती चौथाईवर यावी ही अपेक्षा स्थिर रोधासाठी बरोबर आहे. इथे ती तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्तच राहिली, कारण तंतू निवताना त्याचा रोधही उतरला.

थंड आणि तापलेल्या रोधांचे गुणोत्तर 13.3 येते आणि त्यावरून तंतूचे तापमान काढता येते. टंगस्टनचा तापमान गुणांक दर अंशाला 0.0045 धरून सरळ रेषेचे सूत्र वापरले तर उत्तर 2,750 अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि ते पटण्याजोगे नाही. हा गुणांक साधारण तापमानापुरताच खरा आहे. टंगस्टनच्या रोधाचा तक्ता पाहिला तर तेच गुणोत्तर सुमारे 2,500 केल्विनशी, म्हणजे 2,250 अंशांच्या आसपास जुळते. मी तक्त्यावरच विसंबतो.

पडताळ्याबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. विभवांतराला धारेने भागून रोध काढायचा आणि मग धारेच्या वर्गाला त्याच रोधाने गुणून शक्ती ‘तपासायची’, याला पडताळा म्हणता येत नाही. त्यात तीच दोन वाचने फिरून येतात आणि उत्तर जुळणारच असते. खरी अनिश्चितता मीटरमध्ये आहे. विभवांतरात 0.5 टक्के आणि धारेत 1.5 टक्के चूक शक्य असेल, तर रोध आणि शक्ती या दोन्हींत ती 2 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून 21.6 वॅटच्या पुढचे दशांश लिहिलेले नाहीत.

मोठ्या रोधांसाठी मात्र ही जोडणी उलटी करावी लागते. व्होल्टमीटरचा अंतर्गत रोध 10 मेगाओहम असल्यामुळे 1 मेगाओहमच्या रेझिस्टरला तो समांतर बसला की उत्तर 0.91 मेगाओहम येते. तिथे व्होल्टमीटर अमीटरच्या पलीकडे, सप्लायच्या बाजूला जोडावा. सीमा कुठे मानावी, तर दोन्ही मीटरांच्या अंतर्गत रोधांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे: 100 ओहमचा मायक्रोअमीटर असेल तर ती 32 किलोओहमच्या जवळ पडते.

आता दिवा लागण्याच्या क्षणाची धारा पाहायची आहे. सप्लायच्या धारामर्यादेमुळे ती सध्या दिसत नाही, म्हणून फ्यूज लावलेली 12 व्होल्टची बॅटरी, 0.01 ओहमचा शंट (धारा मोजण्यासाठी एकसरीत जोडलेला अगदी लहान रोध) आणि क्षणोक्षणी बदलणारे विभवांतर आलेखात दाखवणारा ऑसिलोस्कोप अशी जुळणी करत आहे. थंड रोध आणि तारा मिळून 0.65 ओहम धरले तर सुरुवातीची धारा 18 अँपिअरच्या घरात आणि शंटवर सुमारे 180 मिलिव्होल्ट दिसायला हवेत.