माळ्यावरून छप्पर उचलतोय, अपडेट 3: बाक 42 वरून 18 मिमीवर

राजापूरच्या आजोळच्या घराचं काम पुढे सरकलं. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी, चिऱ्याचं घर, वर मंगलोरी कौलं, आणि मागच्या पाखाड्याची (छपराच्या मागच्या उताराची) मधली तुळई, म्हणजे कौलांचा भार घेणारं आडवं लाकूड, मधोमध खाली वाकलेली. बाहेरून बघितलं तर कौलांची ओळ होडीसारखी दिसायची. दरवर्षी शाकारणी व्हायची पण तुळईकडे कोणी बघितलंच नाही. तिच्या एका टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचला तर अर्धा इंच आत गेला, वरून गळत होतं आणि वाळवीने आतून पोखरलेलं. मधलं लाकूड मात्र ठणठणीत, म्हणून बदलायची नाही, उचलून सरळ करायची आणि बगलेला नव्या फळ्यांचा जोड द्यायचा असं ठरवलं.

तुळई उचलायचा जॅक माळ्याच्या फळ्यांवर ठेवायचा मोह होतो, प्लीज नका ठेवू. एका चौरस मीटरला साधारण 15 कौलं बसतात, एकेक अडीच-तीन किलोचं, म्हणजे चौरस मीटरमागे चाळीसेक किलो, तो भार फळ्यांवर आला तर माळाच खाली येईल. मी दोन फळ्या काढून खालच्या माजघरातून थेट जमिनीपासून टेकू उभा केला, तळाला जाड पाट, वर स्क्रू जॅक. हायड्रॉलिक मुद्दाम टाळला, तो रात्रभरात हळूच उतरतो.

तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून मधल्या बाकाचं माप घेतलं, 42 मिमी. एका वेळी फक्त 3 मिमी उचलायचं आणि मग दोन दिवस हात लावायचा नाही, असं आठ वेळा. प्रत्येक वेळी लाकूड करकरतं, तेव्हा थांबून ऐकायचं. आठव्या वेळेला रिपा (कौलांखालच्या पट्ट्या) कौलांपासून सुटायला लागल्या आणि दोन कौलं तडकली, तिथेच थांबलो. इतक्या वर्षांचा बाक पूर्ण जात नाही, 18 मिमीवर मी खूश आहे.

आता जोड. ऐनाच्या लाकडाच्या 6 बाय 2 इंचाच्या दोन फळ्या, 11 फुटी, पण जिन्याच्या भोकातून वर जाईनात, शेवटी वळचणीजवळची वीसेक कौलं काढून बाहेरून आत सरकवल्या. दोन्ही टोकं भिंतीवर नीट टेकलीच पाहिजेत, कुजलेल्या टोकाच्या भरवशावर नाही, त्यासाठी चिऱ्यात नवीन खाच केली. 12 मिमीचे बोल्ट, एक वर एक खाली असे, मोठे वॉशर लावून. एक बाजू झाली, दुसरी या शनिवारी. कौलांखाली मे महिन्यात भट्टी असते म्हणून सकाळी सहा ते नऊच काम करतोय, आणि मृगाच्या आधी टेकू काढायचाय, तोही रोज थोडा थोडाच उतरवणार, दोरी तशीच बांधून ठेवलीय.