थंड प्रदेशात घराला खोली जोडताय? आधी पायाचं ठरवा

घराला एखादी छोटी खोली जोडायची म्हटलं की खिडक्या कुठे आणि छप्पर कसं यावर तासन्तास बोलणं होतं, पायाचं मात्र कंत्राटदार बघेल म्हणून सोडून दिलं जातं. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे हे फार महागात पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण 9 टक्के फुगतो हे आपल्याला माहीत असतं, पण पाया उचलला जातो तो तेवढ्यानेच नाही. मातीच्या गोठणाऱ्या थरात बर्फाचे पातळ पापुद्रे तयार होतात, ते खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढत राहतात, जाड होत जातात आणि वरचं सगळं काँक्रीटसकट उचलतात. यासाठी थंडी, पाणी आणि बारीक गाळाची माती, तिन्ही लागतात. थंडी आपल्या हातात नाही, पण पाणी बाजूला काढणं आणि गाळ उकरून तिथे खडी भरणं नक्कीच आहे, आणि पायाचा प्रकार कोणताही असो ते करायचंच.

आता जोडखोलीचा खरा प्रश्न. जुनं घर खोल पायावर स्थिर बसलेलं असतं, आणि नवीन खोली दर हिवाळ्यात थोडी वर आणि वसंतात परत खाली झाली की दोघांच्या सांध्यावर भिंत फाटते, दार अडकतं, छताच्या जोडातून पाणी येतं. सुटी शेड असती तर थोडं हललेलं चालून गेलं असतं, इथे नाही. त्यामुळे जमिनीवरच काँक्रीटचा नुसता साधा उथळ स्लॅब ओतून त्यावर खोली उभी करायची, हा पर्याय मी तरी सरळ बाद करते.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जमीन जितकी खोल गोठते त्याच्याखाली फुटिंग, म्हणजे भिंतीचं वजन पेलणारा काँक्रीटचा रुंद तळ, नेऊन त्यावर भिंत बांधणं. अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तर भागात नियमाने फुटिंग 60 इंच खोल न्यावं लागतं आणि दक्षिणेत 42, म्हणजे एवढ्याशा जोडखोलीसाठी केवढी खोदाई बघा.

खांबांचा पर्याय स्वस्त वाटतो, पण खांबाचा तळ खोल नेला तरी आजूबाजूची गोठलेली माती त्याच्या अंगाला चिकटून त्याला वर ओढते, म्हणून गुळगुळीत नळीत ओतलेला, खाली रुंद पाय असलेला आणि आत वरपासून खालपर्यंत सळ्या घातलेला खांबच हवा. शिवाय खोलीखालून थंड वारा वाहतो, म्हणजे खोलीच्या फरशीखाली जाड इन्सुलेशन, म्हणजे ऊब बाहेर जाऊ न देणारा थर, लागतो आणि पाण्याचे पाइप तिथून नेणं मला धोक्याचं वाटतं. स्क्रूसारखे जमिनीत फिरवत घालायचे लोखंडी पाइल मला यापेक्षा बरे वाटतात, कारण खोदाई जवळजवळ नसते आणि फिरवताना किती जोर लागतोय त्यावरून पाइल किती वजन पेलेल याचा अंदाज तिथेच येतो. मोठे दगड असलेल्या जमिनीत मात्र ते अडतात.

आणि माझा आवडता पर्याय, स्कँडिनेव्हियात कित्येक वर्षं वापरात असलेला, म्हणजे इन्सुलेशन लावलेला उथळ पाया. पायाच्या बाहेरून उभे फोम बोर्ड, आणि खूप थंडी असेल तिथे जमिनीखाली बाहेरच्या बाजूला आडवेही, म्हणजे घरातली ऊब मातीत अडकून राहते आणि पायाखालची माती गोठतच नाही. अमेरिकन नियमात असा पाया 12 ते 16 इंचांवरही चालतो. पण अट आहे, खोली सतत गरम ठेवावी लागते, महिन्याची सरासरी 17 अंश सेल्सियसच्या खाली जाता कामा नये, त्यामुळे हिवाळ्यात बंद ठेवायच्या बैठकीच्या खोलीला हा हिशेब लागू होत नाही, तिथे अख्ख्या स्लॅबखाली आणि बाहेरपर्यंत फोम घालावा लागतो. जमिनीवर दिसणारा फोम उन्हाने खराब होतो, तो झाकून घ्या.

काहीही ठरवण्याआधी जुन्या भिंतीलगत एक छोटा खड्डा खणून जुनं फुटिंग किती खोल आहे ते डोळ्यांनी बघा. नवीन खोदाई त्याच्याखाली जात असेल तर जुन्या घराखालची माती सुटू शकते, अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावल्याशिवाय पुढे खणू नका.