धुक्यातली दोरी

रविवार, रात्रीचे पावणेबारा

‘स्ट्रेंजर’ या कोरियन मालिकेचा दुसरा सीझन आज संपला. सोळा भाग, प्रत्येक तासाच्या वरचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवटचा भाग खुर्चीत ताठ बसून पाहिला. संपल्यावर काही न बोलता उठले, पाणी प्यायले आणि झोपायला गेले. मला मात्र झोप येत नाहीये, म्हणून लिहीत बसले.

पहिला सीझन मी एकटीनेच पाहिला होता. दुसऱ्याच्या वेळी अण्णा घरी राहायला आले होते. त्यांना इंग्रजी सबटायटल्स भरभर वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत गेले. मध्येच थांबवायचं, दोन वाक्यं सांगायची, परत लावायचं. हळू पाहिल्यामुळेच बहुतेक तो मला जास्त कळला. एरवी हा सीझन फार संथ आहे अशीच तक्रार ऐकू येते. 2017 च्या पहिल्या सीझनमध्ये खून पहिल्याच भागात पडतो आणि खुनी कोण हा प्रश्न शेवटपर्यंत ओढत नेतो. 2020 चा दुसरा सीझन बैठकीच्या खोलीत रमतो. टेबलाच्या एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला प्रॉसिक्यूटर म्हणजे तिथले सरकारी वकील, आणि वाद एकच, तपासाचा अधिकार कुणाचा.

हे अण्णांना समजावताना माझी दमछाक झाली. आपल्याकडे तपास पोलिसांचा, दोषारोपपत्र त्यांनीच पाठवायचं आणि सरकारी वकील भेटणार ते कोर्टात. दक्षिण कोरियात तेव्हापर्यंत प्रॉसिक्यूटर स्वतः तपास करायचा, आणि पोलिसांच्या तपासावर हुकूमही त्याचाच चालायचा. कोर्टाकडे वॉरंट मागायचा अधिकार तर तिथल्या राज्यघटनेनेच त्याला दिलाय. ऐकून अण्णा म्हणाले, “म्हणजे पीआय साहेबाच्या डोक्यावर आणखी एक साहेब!” बरोबर तेच. जानेवारी 2020 मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलला आणि काही प्रकरणं स्वतःच्या पातळीवर बंद करायची मुभा पोलिसांना दिली. अंमल 1 जानेवारी 2021 पासून. मालिका आली या दोन तारखांच्या मधे, ऑगस्ट ते ऑक्टोबर 2020 मध्ये. तिथले प्रेक्षक ही भांडणं बातम्यांत ऐकून मग मालिका लावत असणार. लेखिका ली सू-यॉन हिची मला कमाल वाटते ती इथे. असला कोरडा विषय घेतला आणि त्यात माणसं उभी केली.

सुरुवात दक्षिणेकडच्या थोंगयोंगच्या किनाऱ्यावर होते. इतकं दाट धुकं की समुद्र कुठे सुरू होतो ते दिसत नाही. लोकांनी पुढे जाऊ नये म्हणून दोरी बांधलेली, ती कुणीतरी तोडलेली, आणि त्या रात्री कॉलेजची दोन मुलं बुडतात. प्रॉसिक्यूटर ह्वांग शी-मोकची तिथून बदली झालेली असते, तो निरोपाच्या जेवणाला निघालेला असतो. तिकडे सोलमध्ये पोलीस अधिकारी हान यो-जिन एका जोडप्याने टाकलेले फोटो मोबाइलवर चाळत बसते. एका फोटोत मागे दोरी आहे, दुसऱ्यात नाही. तेवढ्यावरून ती माग काढते. यो-जिनच्या भूमिकेतली बे दूना हे काम किती शांतपणे करते! बोट फोटोवर थांबतं, परत मागच्या फोटोवर जातं, आणि डोळे बदलतात. तो प्रसंग मी अण्णांसाठी दोनदा लावला. “हा खरा तपास,” ते म्हणाले. आणि एवढं करूनही ते प्रकरण वरच्या ओळखीपाळखीने खटला न भरताच मिटतं. तिथून पोलीस आणि प्रॉसिक्यूटर यांचं जाहीर भांडण पेटतं.

शी-मोकबद्दल मी लिहायला लागले तर वही संपेल. लहानपणी मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच्या भावना जवळजवळ पुसल्या गेल्या. शी-मोकच्या भूमिकेतला चो सूंग-वू चेहऱ्याची एक रेघ न हलवता हा माणूस आपल्याला जवळचा करतो.

पण हा सीझन यो-जिनचा आहे, हे मी पैजेवर सांगेन. आता ती पोलीस मुख्यालयात आहे, चोए बित या बाईंच्या हाताखाली. चोए बित तडफदार, पोलीस दलात एवढ्या वर चढलेली बाई. यो-जिनला तिचा मनापासून आदर आहे. आपल्यालाही वाटायला लागतो. (शेवट ज्यांना कळून घ्यायचा नाही त्यांनी पुढचं वाचू नये.) टेबलाच्या एका बाजूची चोए बित आणि दुसऱ्या बाजूचा प्रॉसिक्यूटर उ ते-हा एकमेकांवर तुटून पडत असतात, आणि एका माणसाचा मृत्यू या दोघांनी मिळूनच लपवलेला असतो. तो धागा यो-जिनच्याच हाताला लागतो. तिला तो सोडून देता आला असता. ती सोडत नाही.

मधे सेगोकच्या पोलीस चौकीचं प्रकरण येतं. एक तरुण पोलीस चौकीतच गळफास लागलेल्या अवस्थेत सापडतो. आधी वाटतं आजार, नैराश्य. मग कळतं, सोबतचे पोलीस लाच खात होते, हा त्यात बसत नव्हता, आणि सगळ्यांनी मिळून त्याला एकटं पाडलं होतं. हा भाग चालू असताना अण्णांनी हात वर केला. थांबव म्हणाले. मला वाटलं, सांगायचं काही राहिलं.

त्यांनी सांगितलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. ते हवालदार असताना एका रात्री एका माणसाला ठाण्यात आणलं. स्टेशन डायरीत त्याला आणल्याची वेळ दुसरी टाकायची होती. अण्णांनी खरी टाकली. कुणी ओरडलं नाही, खात्याने ठपकाही ठेवला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्यांच्यासोबत कुणी डबा उघडेना. ते खोलीत आले की बोलणं थांबायचं. सणाचा बंदोबस्त सलग त्यांच्याच वाट्याला. “चार महिने,” ते म्हणाले. “तुझी आई रोज विचारायची, भाजी आवडली नाही का. डबा भरलेलाच परत यायचा ना.”

मला तो डबा आठवतो. तीन पुडांचा, स्टीलचा, कडीला सुतळी बांधलेला. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. संध्याकाळी तो आला की खालच्या पुडातली थंड पोळी मी गुळाबरोबर खायचे. आज पोळी उरली म्हणून मला आनंद व्हायचा. आईने त्या पोळ्यांकडे कसं पाहिलं असेल ते मला आज रात्री कळतंय.

शेवटच्या भागात चोए बित सगळ्यांसमोर कबुली देऊन पद सोडते. आणि मग यो-जिन कामावर परत येते तेव्हा सहकारी तिच्याकडे पाठ फिरवतात, कारण तिने आपल्याच साहेबाला उघडं पाडलं. मोठं संगीत नाही, कुणी शाबासकी देत नाही. ती खांदे सरळ करते आणि आत जाते. मी सांगायचं विसरून गेले होते. अण्णांना सांगावं लागलंच नाही. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता आणि ते पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, “जा बाई, जा.”

आत्ता उठून त्यांच्या खोलीत डोकावून आले. जागेच आहेत. पहिला सीझन उद्यापासून लावायचा का विचारलं. म्हणाले, जेवणं लवकर उरकू.